मामा, माजी

आफ्रिकेतून आलेल्या पैशावर महाड-दासगाव भागात जी पक्की घरे उभी राहिली, त्यांच्या दारांवर पुरुषांची नावे आहेत. त्यांपैकी अब्बास या एका नावाविषयी माझी तक्रार आहे.

१९५५च्या सुमारास मी मोंबासा शहरात भारतीय मुलींच्या शाळेत शिकवीत असे. जुन्या वस्तीतील ज्या घरात माझी खोली होती, तेथेच समोर दासगावचा अब्बास आपली बायको मासूमा हिला घेऊन राहावयास आला. तो लामू बेटाकडे जाणाऱ्या लाँचवर खलाशी होता; एकदा गेला की आठवड्याने उगवे. घरात नळ नव्हता. नळासाठी मी घरमालकाच्या मागे लागले होते. तो दर वेळी अदबीने मान डोलावी आणि विसरून जाई. पाणी, कोळसा, धोबी, झाडूवाला, सारे दारावर येई, आणि साऱ्यांची भाषा स्वाहिली. मासूमाला दासगावच्या बोलीवाचून दुसरी भाषा येत नव्हती.

पहिल्याच सकाळी हमिसी नावाचा प्रौढ पाणीवाला खांद्यावरच्या कावडीला दोन डबे लटकावून जिना चढून आला आणि तिच्या दाराशी ओरडला, "मामा, माजी!"

दार धाडकन उघडले.

"काय म्हनलास रे? मामा? तुझ्या बापाला बनव मामा! नि माजी काय? कोन माजलाय?"

हमिसीला शब्द कळले नाहीत, सूर कळला. त्याने डबे खालच्या मजल्यावर रिते केले आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतला एकही पाणीवाला तिच्या दाराशी थांबेना. ती खालच्या बायकांकडून कळशी-कळशी मागून दिवस काढू लागली.

अब्बास परतला तेव्हा माठ कोरडा होता. त्याने चौकशी केली नाही, निकाल दिला. "साधा पानी भरून घेता येत नाय तुला? म्हैनाअखेरच्या बोटीनं दासगावला जा. मी खानावळीत जेवीन."

तो पुन्हा लाँचवर गेल्यावर मासूमा माझ्याकडे आली. "बाई, मला नाय जायाचा. तिथं मी तिसरी सून. हितली चूल माझी हाय."

पाण्याचे काय बिनसले, असे मी विचारले.

"तो मेला मला मामा बनवतो! वर म्हनतो माजलीस!"

इकडे आईला 'मामा' म्हणतात आणि पाण्याला 'माजी', हे मी तिला सांगितले. "'आई, पाणी' एवढेच तो म्हणाला."

तिने ओढणी तोंडावर धरली. हसू आवरेना. मग एकदम म्हणाली, "नि मी त्याचा बाप काढला!"

दुसऱ्या सकाळी आम्ही दोघी नळकोंडाळ्यावर गेलो. क्षमा मागण्याचा स्वाहिली शब्द मी तिला वाटेत घोकवीत होते. हमिसी दिसताच तिने तो सोडून दिला आणि सरळ म्हणाली, "काका, माझा चुकला."

हमिसीने कावड खाली ठेवली. त्याचा सारा चेहरा हसला. "दादा!" तो म्हणाला.

मासूमाने माझे मनगट घट्ट धरले. "आता दादा? त्यापरीस मामा बरा होता!"

त्यांच्या भाषेत 'काका' म्हणजे भाऊ आणि 'दादा' म्हणजे बहीण, हे तिला समजावताना मलाच आठ वेळा अडखळावे लागले.

"ह्यांची नाती लावली कुनी, बाई? एवढा गोंधळ आपल्याकडं लग्नात पन नाय होत."

त्या दिवसापासून पाणी सुरू झाले. कोळसेवाल्याला आणि धोब्याला हमिसीनेच तिच्या दारी आणले. ती कोळसा वाजवून घेई, आवाज बसका आला की पोते परत करी. कपडे बदलून येऊ नयेत म्हणून प्रत्येकाच्या कडेला लाल दोरा घाली. स्वाहिली तिला शेवटपर्यंत धड आली नाही. चारसहा शब्द, हातवारे आणि 'काका' एवढ्या भांडवलावर तिने आपले घर लावले. पुढे माझे पाणी आणि माझे धुणेही तीच पाहू लागली. बोट आली आणि गेली. अब्बासने विषय काढला नाही.

वर्षभराने महाडचा एक माणूस बोटीवरून निरोप घेऊन उतरला: अब्बासची आई विहिरीच्या पायरीवरून घसरली, अंथरुणाला खिळली. अब्बास माझ्याकडे आला तो कौतुकाने ओसंडत होता.

"बाई, परक्या मुलखात हिनं एकटीनं घर चालवला. अम्माचा घर हिच्यासारखा कोन चालवील?"

"आणि येथले?"

"हितं काय! आता सगळा लागलाय. पानी आपोआप येतंय."

"जमले नाही म्हणून दासगाव, आणि जमले म्हणूनही दासगाव. हा न्याय कोणता?"

"तुमी शिकलेल्या, बाई. तुमच्याशी कोन बोलनार?" असे म्हणून तो तिकीट काढायला गेला.

मासूमा भांडली नाही. भांडी बांधता बांधता एवढेच म्हणाली, "खाडी दारात हाय आमच्या, बाई, पन खारी. गोड्या पान्याला टेकाड उतराया लागतो."

निघण्याच्या सकाळी हमिसी नेहमीच्या वेळी आला. "दादा, माजी?"

"नको, काका. आता माझा मीच भरनार."

त्याला त्यातला 'काका' एवढा एकच शब्द कळला. तो आत गेला आणि माठ काठोकाठ भरून ठेवला.