मॅडम उठून गेल्या

वरची खोली मी मुलींनाच देते, आणि देताना दोन अटी घालते. गच्चीवर फोन लावून ओरडायचं नाही आणि आजारी पडलात तर लपवायचं नाही. प्रणितानं पहिली अट इतकी पाळली की मला शंका यायला लागली, हिला फोन करणारं कुणी आहे तरी का!

मी अंबूबाई. आमचं घराणं तीन-चारशे वर्षांमागं इकडं कानडी मुलखात आलं म्हणतात. आलं ते आलं, परत फिरलंच नाही. शिवाजीनगरात बसस्टँडमागच्या गल्लीत खाली मी नि माझी शिलाई मशीन, वर ही खोली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. ब्लाउज शिवते, फॉल लावते. मराठी बोलायला कुणी मिळालं की माझी जीभ सुटते, आणि त्यात ही पोरगी निपाणीकडची निघाली. सकाळी निघताना "येतो अक्का" म्हणायची. तिकडं बायकाही स्वतःला येतो-जातोच म्हणतात. मला ते ऐकायला इतकं गोड वाटायचं की हातातलं काम टाकून मी दारात जाऊन उभी राहायची.

नोकरी कसली, तर माशांची! शहराच्या उत्तर टोकाला एक मोठी संशोधन संस्था आहे, तिथं बोटाएवढे पट्ट्यापट्ट्यांचे मासे पाळलेत. त्यांच्या काळजाला जखम झाली तर ती आपली आपण भरून येते म्हणे, आणि ती कशी भरते ते शोधायचं. हिनं त्यांना खायला घालायचं, पाणी बघायचं, अंडी वेगळी करायची. प्रोजेक्ट असिस्टंट म्हणतात त्याला. रविवार नाही, सण नाही. दिवाळीला सगळं जग फराळाला बसलेलं आणि ही बया दोन बस बदलून माशांना जेवू घालायला गेली! मी चिडले, तर म्हणते, "अक्का, त्यांना दिवाळी कळत नाही, भूक कळते." संध्याकाळी येऊन माझ्या मशीनजवळ बसली आणि चकल्या खाल्ल्या. गावी का गेली नाहीस विचारलं. म्हणाली, "गेलो की सगळे विचारणार, अजून किती शिकणार? मला उत्तर येत नाही."

तिच्या घरी यातलं कुणालाच काही कळत नव्हतं. वाईट माणसं नव्हेत हो! आई अंगणवाडीत, वडील एसटीत कंडक्टर होते. पीएचडी करते म्हटल्यावर वडील म्हणाले, "तुला कळतंय तसं कर, बाळ." मायेनंच म्हणाले. पण सारखं हेच ऐकून माणूस किती एकटं पडतं, ते त्यांना कोण सांगणार? रात्री वरून तिच्या चालण्याचा आवाज यायचा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मी खाली जागीच असायची.

तिला मनातून काय हवं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. तिला इथंच राहायचं होतं. तेच मासे, तीच प्रयोगशाळा, आणि हर्षिता मॅडमच्या हाताखाली पीएचडी. हर्षिता मॅडम त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. हिच्या तोंडी सकाळ-संध्याकाळ मॅडम. मॅडमनी आज माझं काम स्वतः बघितलं. मॅडम एक शब्द जास्त बोलत नाहीत. मॅडम डबा एकट्याच खातात. मी म्हटलं, "तूही एकटीच खातेस, त्याही एकट्याच खातात, मग एका टेबलावर बसा की दोघी!" तर माझ्याकडं असं बघितलं, जशी मी देवळात चपला घालून शिरले.

अर्ज तिनं दोन ठिकाणी केले. एक इथं आणि एक पार गुवाहाटीला. एवढ्या लांब कशाला म्हणून मी कटकट केली. म्हणाली, "एकाच दारात उभं राहून चालत नाही अक्का, सगळेच चार ठिकाणी अर्ज घालतात."

गुवाहाटीची मुलाखत कॉम्प्युटरवर झाली, माझ्या पुढच्या खोलीत, कारण वर नेट धड येत नाही. मी मशीन बंद ठेवली, कुकर लावला नाही, शेजारच्या गॅरेजवाल्या गुंडूला बजावलं की आज एकही स्कूटर ठोकायची नाही. आणि स्वयंपाकघरात जीव मुठीत धरून बसले. सगळं बरं चाललेलं, एवढ्यात पालेभाजीवाला नेमका खिडकीखाली येऊन "सोप्पू, सोप्पू" कोकलायला लागला. मेल्याला हीच वेळ मिळाली! पलीकडचे हसले. त्यातला एक म्हणाला, भाजी घ्यायची असेल तर घेऊन या, आम्ही थांबतो. हीसुद्धा हसली, आणि मग तिचा आवाज मोकळा झाला. एका प्रश्नाला, "मला माहीत नाही, पण मी असं करून बघेन," असं काहीतरी म्हणाली. इंग्रजी मला स्वल्पच येतं, पण तेवढं कळलं.

इथली मुलाखत समोरासमोर होती. मी तिचा कुर्ता इस्त्री केला, हातावर दहीसाखर ठेवली. संध्याकाळी आली ती जिन्याच्या पायरीवरच बसली. चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"अक्का, मी आत गेलो आणि मॅडम उठून गेल्या."

"म्हणजे गं?"

"टेबलाला पाच जण होते. मॅडम टोकाला. मी नमस्कार केला, आणि त्यांनी चहाचा कप उचलला आणि बाहेर गेल्या. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही."

आमच्यात, आणि तिच्या निपाणीकडंही, सोयरिकीच्या बैठकीत मोठं माणूस पान न घेता उठलं की समजायचं, मोडलं. तोंडानं नको म्हणणं वाईट दिसतं, म्हणून नुसतं उठून जायचं. माझ्या धाकट्या बहिणीचं एक स्थळ असंच गेलं. मुलाच्या आजोबांनी विडा तबकात तसाच ठेवला, टोपी चढवली आणि चालायला लागले. कारण कुणी विचारलं नाही, विचारायचंच नसतं. प्रणिताला हे समजावून सांगायची गरज नव्हती. ती त्याच रीतीत वाढलेली.

"मग पुढं काय झालं?"

"काय होणार? विचारलेलं सगळं येत होतं. तोंडातनं निघंना. डोळे सारखे दाराकडं."

तरीही निवड झाली तिची! दोन्हीकडं! मी अंबाभवानीला नारळ फोडला. पण पोरीच्या चेहऱ्यावर आनंद म्हणून दिसेना. म्हणाली, "बाकीच्या चौघांनी घेतलं. मॅडमना मी नकोच होतो."

माझं डोकं फिरलं. "अगं, मग विचार की त्या बाईला! देवानं तोंड दिलंय ते काय नुसतं भात खायला?"

"मोठ्या माणसाला असं कसं विचारायचं? आणि त्या हो म्हणाल्या तर?"

संस्थेतल्या कुणाला विचारावं, तर तिनं ही गोष्ट लाजेनं तिथं कुणाला सांगितलीच नव्हती. शेवटी धीर करून मॅडमकडं गेली, पण विचारलं भलतंच. दोन्हीकडं नाव लागलंय, मी काय करू? मॅडम म्हणाल्या, "निर्णय तुझा आहे. मी यात काही बोलणार नाही." झालं! घरी तेच, इथं तेच.

त्याच आठवड्यात गुवाहाटीहून फोन आला. तिथले एक दयानंद सर, मुलाखतीत भाजी घेऊन या म्हणाले होते तेच. म्हणाले, तुमची विचार करायची पद्धत मला आवडली, इथं नदीतले मासे आहेत, तुम्ही या, आपण मिळून काम करू. साधंच बोलले. पण एवढ्या सगळ्यांत तिला 'या' म्हणणारा तो एकच माणूस निघाला. तिनं तिकडं होकार कळवला, इथं नकार. इथली जागा यादीतल्या पुढच्या मुलाला गेली.

मला सांगायला खाली आली तेव्हा मी काज करत होते. वाटलं, आता सकाळी दारात उभं राहायचं कुणासाठी? पण मी कोण? खोलीचं भाडं घेणारी बाई. सरी, बरं बाई, म्हटलं, तुला कळतंय तसं कर.

जायच्या दिवशी सकाळी ती माशांना शेवटचं खायला घालून येतो म्हणून संस्थेत गेली. आणि इकडं माझ्या दारात एक किडकिडीत बाई येऊन उभी राहिली. सुती साडी, हातात स्टीलचा डबा. कन्नडमध्ये म्हणाली, "प्रणिता आहे का? मी हर्षिता. प्रवासात खायला चित्रान्न आणलंय."

माझ्या मनात इतक्या दिवसांचं साठलेलं. पाणी नाही विचारलं की बसा नाही म्हटलं. "आता डबा आणता होय? त्या दिवशी पोरगी आत आल्याबरोबर उठून का गेलात?"

त्यांना आधी कळेचना. मग म्हणाल्या, "तो नियमच आहे. आपल्याकडं काम करणारा उमेदवार आत आला की आपण बाहेर जायचं, म्हणजे पक्षपात होत नाही. सगळ्यांना माहीत असतं."

"तिला माहीत नव्हतं."

त्या मटकन बसल्या, माझ्या शिवायच्या कपड्यांवरच. "मी दाराबाहेरच उभी होते," म्हणाल्या. "तिचा आवाज ऐकू येतोय का बघत. चहा तसाच गार झाला."

"मग राहा म्हणायला काय झालं होतं?"

"मी राहा म्हटलं असतं तर ती राहिलीच असती. माझ्या शब्दाखातर. तिचं सगळं आयुष्य आहे पुढं, ते माझ्या शब्दावर कसं ठरवायचं?"

"धन्य आहे तुमची! माशाचं काळीज उघडून बघता, आणि समोरच्या पोरीला काय वाटतं ते दिसलं नाही?" मी बोलून गेले. बाईंचे डोळे भरले. मग मलाच वाईट वाटलं आणि मी पाणी आणून दिलं. जाताना त्यांनी माझा हात धरला. "आज सांगू नका. पाय निघणार नाही तिचा." त्यांना वर्ग होता, त्या थांबल्या नाहीत. मी फक्त गाडी सुटेपर्यंत गप्प राहायचं कबूल केलं.

स्टेशनवर मी तो लिंबूभाताचा डबा दिला, कुणाचा ते बोलले नाही. ती वाकून पाया पडली, "येतो अक्का" म्हणाली. गाडी गेल्यावर मी तिथल्याच बाकावर बराच वेळ बसून राहिले. घरी जाऊन करायचं काय होतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी, ती गाडीतच असताना, मीच फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. नको असलेलं माणूस म्हणून तिनं एवढ्या लांब जावं, हे मला सहन होईना.

"बाहेर उभ्या होत्या?" तिनं विचारलं. मग पुन्हा, "दाराबाहेरच?"

"हो गं."

"चित्रान्न त्यांनी केलेलं?"

"त्यांनीच."

ती रडत म्हणाली, "अक्का, तुम्ही तरी राहा म्हणायचं होतं."

तू विचारलंस कुठं, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. ते गिळलं. म्हटलं, "म्हणायचं होतं गं. रोज सकाळी तू निघालीस की म्हणायचं होतं."

गाडी कुठल्यातरी पुलावरून चालली होती, नुसता खडखडाट. तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. मग पूल संपला असावा.

"अक्का, परत म्हणा," ती म्हणाली.

मी परत म्हटलं.