तक्त्यातले चार ड्रायव्हर

ऐंशीच्या दशकात मी खानदेशातल्या एका नगरपालिकेच्या अग्निशमन विभागात कारकून होते. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण चूक गावाची नव्हती. ती आमची होती, आणि त्यात माझा वाटा चांगला घसघशीत होता.

माझं अक्षर सुरेख होतं आणि त्याचा मला भारी तोरा होता. फायरमनच्या पाळ्यांचा महिन्याचा तक्ता मी असा आखायचे की बघणाऱ्याने बघतच राहावं. खाडाखोड दिसली की माझं डोकं फिरायचं. कोणी आयत्या वेळी पाळी बदलून मागितली, तर त्याला माझ्या तोंडून दोन शब्द ऐकल्याशिवाय सुटका नसे.

तक्त्यात ड्रायव्हरची एक ओळ असे. तीन पाळ्या, तिन्हींना ड्रायव्हर हवा, हा नियम. प्रत्यक्षात आमच्याकडे ड्रायव्हर एकच, नाना. दुसरे निवृत्त झाले होते आणि त्यांची जागा कोणी भरली नव्हती. मला काम शिकवणाऱ्या जुन्या हेडक्लार्कनी पहिल्याच आठवड्यात कानमंत्र दिला होता. "रिकामी जागा दिसली की वरून विचारणा येते. कोणाचंही नाव टाकायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची." म्हणून नानांच्या जोडीला मी तीन फायरमनची नावं ड्रायव्हर म्हणून आलटूनपालटून टाकत असे. त्या तिघांना सायकलपलीकडे काही चालवता येत नव्हतं. नाव कोणाचंही असो, भोंगा वाजला की फायर स्टेशनमागच्या खोलीतून नाना धावत येत आणि बंब बाहेर काढत. त्यांना साप्ताहिक सुट्टी होती, पण ती फक्त माझ्या तक्त्यात. याला खोटेपणा म्हणतात, असं आमच्यापैकी कोणाच्या मनातही आलं नाही. मी तर त्या ओळी भरताना गुणगुणत असे.

नानांची बायको पारोळ्याजवळच्या खेड्यात एकटी राहायची. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मुलगी लग्न होऊन सुरतेला गेलेली. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की ऑपरेशन करू, पण आठ दिवस जवळ माणूस पाहिजे. त्यासाठी नानांना रजा हवी होती. पहिली तारीख आली तेव्हा जिनिंग कारखान्यांमधल्या कापसाच्या आगींचे दिवस होते. दुसरी आली ती दिवाळीच्या तोंडावर. दोन्ही वेळा नानांनी स्वतःच पाय मागे घेतला. "भोंगा वाजना तं गाडी कोन काढी?" एवढंच म्हणाले. पाणीपुरवठ्याच्या टँकरवरचा ड्रायव्हर आठ दिवस मागावा, तर त्याला मुख्याधिकाऱ्यांचा हुकूम लागे, आणि कागदावर चार ड्रायव्हर असलेल्या विभागाने पाचवा कोणत्या तोंडाने मागायचा?

शेवटी आमच्या साहेबांनी ठरवलं की नव्या जागांचा प्रस्तावच पाठवू. मी आठवडाभर बसून हिशेब मांडला. दिवसाच्या तीन पाळ्या, म्हणजे आठवड्याच्या एकवीस. एक माणूस सहा करणार. म्हणजे ड्रायव्हरची एक सीट कायम भरलेली ठेवायला साडेतीन माणसं लागतात, आणि रजा-आजारपण धरलं तर चार. आगीची वर्दी आल्यापासून बंब किती वेळात निघतो, तेही काढलं. कायम दोन मिनिटांच्या आत. त्या आकड्याचा मला कोण अभिमान! सोबत वर्षभराचे तक्ते जोडले आणि तीन ड्रायव्हर मागितले.

मुख्याधिकाऱ्यांनी साहेबांना आणि मला बोलावून घेतलं. तक्ते चाळले आणि म्हणाले, "चार ड्रायव्हर तर आहेत की तुमच्याकडे! बंबही वेळेत निघतो. आणखी तीन कशाला?" आणि वर माझ्याकडे बघून, "तक्ता मात्र फार सुंदर ठेवता तुम्ही."

साहेब खाली बघत राहिले. मी तोंड उघडलं असतं तर वर्षभराचं खोटं बाहेर पडलं असतं, म्हणून मीही गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

परतलो तर स्टेशनच्या फाटकात नाना उभेच होते. "मनी रजानं काय व्हयनं, ताई?"

"होईल नाना," म्हटलं, आणि आत जाऊन उगाचच शिपायावर खेकसले.

तिसरी तारीखही हुकली. त्यानंतर एकदा नाना, भोंगा वाजू नये म्हणत, चार तासांत गावाला जाऊन आले ते थेट माझ्या टेबलाशी. हातात घरच्या शेंगांची पिशवी होती. ती माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "तिना उजवा डोया गया, ताई." मोतीबिंदू फार पिकला, डोळ्यावर दाब आला. डॉक्टर म्हणाले होते की आता डावा तरी वेळेवर आणा. नाना कोणावर रागावले नव्हते. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवशी मी वर्दीची वही काढली. वर्षभरात प्रत्येक वेळी बंब खरोखर कोणी चालवला, ते तारीखवार उतरवलं. पानामागून पान एकच नाव. उरलेल्या पाळ्यांसमोर, जिथे मी तिघांची नावं टाकली होती, तिथे जागा कोरी ठेवली. तो तक्ता दिसायला भिकार होता. साहेबांपुढे ठेवला तेव्हा त्यांनी पानं शेवटपर्यंत उलटली. मग म्हणाले, "आपलेच दात, आपलेच ओठ. मेमो दोघांनाही मिळेल."

"मिळू द्या," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. त्यांनी सही केली.

मेमो मिळालाच, शिवाय मुख्याधिकाऱ्यांची बोलणीही पोटभर खाल्ली. नव्या जागा पुढे कधीतरी मंजूर झाल्या. पण त्याच आठवड्यात त्यांच्याच हुकमाने टँकरवरचे दोन ड्रायव्हर आमच्याकडे आले आणि नाना रजेचा अर्ज देऊन धुळ्याच्या एसटीत बसले. ते गेल्यावर दोनदा भोंगा वाजला. पहिल्यांदा बंब निघायला चार मिनिटं लागली. मी वहीत चारच लिहिली.

महिनाभराने नाना बायकोला घेऊन स्टेशनवर आले. जाड भिंगाचा चष्मा, नवं लुगडं, बारीक चणीची बाई. मी दोघांना ऑफिसातल्या बाकावर बसवलं, चहा मागवला. तिने माझा हात हातात घेतला आणि सोडेचना.

"पट्टी सोडी तं समोर धवया केसना म्हतारा," ती सांगू लागली. "मी इचारं, मना मालक कोठे शेतस? तं ह्याच हासाले लागनात." फायरमन खो खो हसले. नानाही हसले. मला हसू फुटेना. आपल्या माणसाचे केस कधी पांढरे झाले हे त्या बाईला कळलं नव्हतं, आणि ती सगळी वर्षं तो आमच्याकडे होता.

बोलता बोलता ती सारखी मान पूर्ण वळवून नानांकडे बघत होती. ते तिच्या उजवीकडे बसले होते. ते लक्षात येताच नाना चहाचा कप घेऊन उठले आणि तिच्या डाव्या बाजूला जाऊन बसले.