रूळ उखडलेल्या गावाचा सिग्नलमन

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावी, बर्फात विद्यापीठाची बस अँड्रूकाकांशेजारी थांबे, दार उघडे, उबेचा एक झोत बाहेर येई. काका टोपीला हात लावत, नकारार्थी मान हलवत आणि चालू लागत. सत्तरी उलटलेला हा स्कॉटिश माणूस बसमध्ये पाऊल ठेवत नसे. कारण विचारलं की म्हणत, "जिनं माझी जागा घेतली, तिच्याच मांडीवर बसू?"

ऐंशीच्या दशकात मी आणि नागपूरची नलू, दोघी संशोधक विद्यार्थिनी, त्यांच्या मुलीच्या तळघरात भाड्यानं राहत होतो. काकांची नजर अधू झालेली. स्कॉटलंडमधल्या गावाहून बहिणीची, एल्सीची पत्रं आली की ती वाचून दाखवणं माझ्याकडे असे. त्या कागदांना धुराचा आणि ओल्या लोकरीचा वास येई.

दोन डोंगरांमधलं, लोकरीच्या गिरण्यांचं ते लहानसं गाव. तिथं दोन रेल्वेमार्ग एकत्र येत आणि काका तिथले सिग्नलमन होते. सरकारनं दोन्ही बंद केले. "शेवटची गाडी मीच सोडली, पोरी. पुढच्या सिग्नल केबिनला घंटा दिली, तिकडून उत्तर आलं. मग दोघंही नुसते बसून राहिलो." रूळ उखडले गेले, गाडीऐवजी बस आली. रस्त्यानं या गावात पुन्हा शिरायचं नाही, असा नेम करून काका मुलीकडे निघून आले.

एका मार्चमध्ये तिच्या शेजारणीचं पत्र आलं: एल्सी अंथरुणाला खिळली आहे, लवकर ये. मुलीनं विमानाचं तिकीट काढलं.

"आणि स्टेशनापासून गावापर्यंतचे शेवटचे अकरा मैल?" काकांनी विचारलं.

"बस आहे, डॅड. टॅक्सी आहे."

"मग मी चालेन. रुळांच्या वाटेनं."

नलू मराठीत पुटपुटली, "हा तर आमच्या हट्टी मामांचा जुळा भाऊ गं! कॅन्सल करा म्हणावं तो नेम."

मी म्हटलं, "काका, ती वाट बघत असेल."

"सिग्नलमननं नेम मोडला की गाड्या धडकतात, पोरी."

तीन आठवड्यांनी ते परतले, खांदे उतरलेले. स्वयंपाकघरात बसून, कोणी न विचारता, बोलू लागले. झुडपांनी गिळलेल्या त्या वाटेवर चिखल तुडवत चालायला त्यांना सबंध दिवस लागला. तिन्हीसांजेला पोहोचले, तेव्हा एल्सीला जाऊन चार तास झाले होते. तिची खाट रस्त्याकडच्या खिडकीशी असे. आदल्या दिवशी तिनं ती शेजारणीकडून मागच्या खिडकीशी, जुन्या मार्गाकडे तोंड करून, हलवून घेतली होती. "तो इकडूनच येईल," म्हणाली होती.

काकांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"तिनंही माझा हट्टच सांभाळला, पोरी," ते म्हणाले, "आणि मीही."