वाळूत शिकलेलं हिमस्खलन

हिमस्खलनात गाडलेला माणूस कसा शोधायचा, हे मी समुद्रकिनाऱ्यावर शिकलो. नेदरलँड्समध्ये डोंगरच नाहीत, त्यामुळे आल्प्सला निघण्याआधी आमचा सराव वाळूच्या टेकड्यांवर. बायकोच्या डेल्फ्टच्या प्रयोगशाळेतला एक उंच डच सहकारी आमचा म्होरक्या. त्याने प्रत्येकाच्या छातीवर बीकन नावाचं एकेक छोटं यंत्र बांधलं. ते एरवी सतत सिग्नल पाठवतं. कुणी गाडलं गेलं, की बाकीच्यांनी आपापलं 'पाठव'वरून 'शोध'वर टाकायचं, म्हणजे फक्त गाडलेल्याचाच सिग्नल उरतो. एक बीकन त्याने वाळूत पुरलं आणि आम्हाला ते शोधायला सोडलं.

बायको यंत्रावरच्या बाणामागे जी निघाली, ती थेट माझ्यापाशी. मी बाजूला सरकलो, तर तीही वळली.

"अरे, तुझं अजून पाठवतंय! गाडलेला राहिला तिकडे, आणि मी धडधाकट नवरा शोधतेय!"

"ओढ म्हणतात याला."

"उद्या मी खाली असले तर हेच सांगशील?"

मी हसलो. ती हसली नाही.

पुढच्याच महिन्यात आम्ही आल्प्समध्ये होतो. एका सपाट जागी म्होरक्याने खड्डा खणून बर्फाचे थर दाखवले. वर घट्ट पाटा, खाली साखरेसारखे सुटे दाणे. "पुढचा उतार रद्द, वरचा थर कधीही घसरेल," तो म्हणाला. "कुणी हलू नका."

मला फक्त एक फोटो हवा होता. म्हणून थोडासाच पुढे गेलो.

पायाखाली 'धप्प' झालं, जमिनीने दमून श्वास सोडावा तसं. माझ्या बुटापासून एक भेग सुसाट पळाली आणि समोरचा अख्खा उतार तावदानासारखा तडकला. आधी तो नुसता सरकला, अगदी सावकाश, बिनआवाज. मग खालून गडगडाट आला आणि पांढरा धुरळा आभाळभर उठला. घाबरायचं सोडून मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. एवढा डोंगर माझ्या एका पावलाने हलला होता, आणि मी तिथे आहे याचा त्याला पत्ताही नव्हता.

धुरळ्यात मला माझे हातही दिसेनात. मग त्या पांढऱ्यातून बायको आली. वाकलेली, हातात बीकन, बाणामागे एकेक पाऊल टाकत. ती थेट माझ्या छातीवर येऊन थडकली, तेव्हाच तिने मान वर केली.

मी तोंड उघडलं.

"एक शब्द बोलू नकोस," ती म्हणाली आणि माझं जाकीट दोन्ही मुठींत घट्ट धरून उभी राहिली.

धुरळा खाली बसेपर्यंत मी तिला धरून ठेवलं. मग हळूच म्हणालो, "तुझं परत 'पाठव'वर टाक."