पावणेसात फुटांचा जावई

लेकीनं फोनवर लग्न ठरवल्याचं सांगितलं, तेव्हा मुलगा लिथुआनियाचा आहे यापेक्षा तो बास्केटबॉल खेळतो याचाच तिच्या वडलांना जास्त धक्का बसला. देश कुठला का असेना, तिथं बँका असतील, शाळा असतील, निदान एखादं तहसील कार्यालय तरी असेलच. माणसाला नोकरी करायला काय झालं?

"खेळतो ते ठीक हाय," हे म्हणाले, "पण काम काय करतो?"

"तेच काम आहे, बाबा. त्याचा पगार मिळतो."

"कोण देतं?"

"क्लब देतो."

क्लब म्हटलं की आमच्या पालममध्ये एकच चित्र डोळ्यापुढं येतं: पत्ते. यांनी फोन माझ्या हातात दिला आणि खत-बियाणांच्या दुकानात जाऊन बसले. दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. गिऱ्हाइकांना वाटलं, युरियाचा तुटवडा झाला.

लेक जर्मनीत फिजिओथेरपिस्ट आहे. हा तिच्याकडं गुडघा दाखवायला आला होता. म्हणजे तिची ओळख आधी त्याच्या गुडघ्याशी झाली, मग त्याच्याशी. गुडघा फारसा चांगला नव्हता, मुलगा चांगला होता, एवढं तिनं मला सांगितलं. आमच्याकडं स्थळं बघतात त्यापेक्षा हे जास्त पारखून घेणं झालं, असं मला वाटलं, पण मी बोलले नाही. शाळेत मराठी शिकवण्यात माझा जन्म गेला. मनातलं व्याकरण तोंडावर आणायचं नसतं, हे मला कळतं.

त्याची कारकीर्दही तिनंच मला समजावली. सोळाव्या वर्षी तो आपल्या गावच्या संघात गेला, मग पोलंडला, तिथून स्लोव्हाकियाला, मग रोमानियाला, आणि शेवटी जर्मनीतल्या खालच्या गटातल्या एका क्लबात. करार एकेका हंगामाचा. मे महिन्यात हंगाम संपला की सामान बांधायचं आणि फोनकडं बघत बसायचं. मीही उभ्या आयुष्यात बदल्या पाहिल्या. पण कुणाच्या बंगल्यावर चकरा न मारता, न मागता, दरसाल बदली होते आणि तीही परदेशात, हे ऐकून मला खरोखर हेवा वाटला.

माझे थोरले दीर पेडगावला असतात. तिथं आमची शेती आहे आणि त्यांची मतं आहेत. दोन्हींना भरपूर पाणी आहे. ते बाजेवर रेलून म्हणाले, "दरसाल नवं गाव, करार संपला की वापस. बाई, हे तर ऊसतोडीच्या टोळीसारखंच झालं की!" आणि जन्मात कधी कोयता न धरलेल्या माणसाला शोभेल असं हसले.

लग्न तिकडंच कोर्टात झालं. इकडं आम्ही रविवारी संध्याकाळी फोन साखरेच्या डब्याला टेकवून सामने बघायला लागलो. पहिल्यांदा मी एकटीच बघायचे. मग हे "वेळ झाली का त्याची?" असं विचारत माझ्याआधीच डब्यासमोर येऊन बसायला लागले. त्या क्लबाचा परभणी जिल्ह्यात दुसरा चाहता असेल असं मला वाटत नाही.

खरं सांगायचं तर बघण्यासारखं फार नसायचं. जावईबापू बहुतेक वेळ बाकावर टॉवेल घेऊन बसलेले असत. मैदानात आले की त्यांचं काम एकच: समोरच्या माणसाच्या वाटेत खांबासारखं उभं राहायचं. तो माणूस जावयाला धडकायचा, तेवढ्यात आपला दुसरा कुणी मोकळा सुटून बास्केट करायचा, आणि सगळे त्या दुसऱ्याला मिठ्या मारायचे. हा आपली बरगडी चोळत परत जागेवर. एवढं करून वर प्रशिक्षक त्याच्यावरच खेकसायचा. हे चिडून म्हणायचे, "त्या टकल्याला काय कळतं का? पोरगं मार खायलाय आन् हा त्यालाच बोलायलाय!" क्लबला पत्ते समजणारा माणूस सहा महिन्यांत प्रशिक्षकाचीही चूक काढायला लागला, ही प्रगती आमच्या घराण्यात सहसा दिसत नाही.

मग एका मे महिन्यात दोघं आले. मे महिन्यात मराठवाड्यात येणारा माणूस एक तर अडाणी असतो किंवा जावई. बिचारा दारातून वाकून आत यायचा, वाकूनच बाहेर जायचा, त्यामुळं गावात त्याची विनम्र म्हणून ख्याती झाली. पेडगावला आमच्या दिरांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, त्याला बराच वेळ लागला, आणि मग लेकीला विचारलं, "एवढी उंची हाय तर पोलिसात का न्हाई गेला?"

लेकीनं भाषांतर केलं. जावई गंभीरपणे म्हणाला, "त्यांनी बोलावलं नाही."

पालममध्ये आंतरराष्ट्रीय खेळाडू आलाय ही बातमी एका शाळेच्या अध्यक्षांच्या कानावर गेली. शाळेच्या मैदानावर बास्केटबॉलचा एक खांब होता. कुठल्याशा योजनेत तो आला, उभा राहिला आणि त्याचं काम संपलं. त्यावर एरवी सतरंज्या वाळत असत. त्या दिवशी सतरंज्या काढल्या, मंडप घातला, आणि अध्यक्षांनी खेळाचं जीवनातलं महत्त्व या विषयावर इतकं बोलून घेतलं की खेळायची वेळ येईपर्यंत ऊन उतरलं. सत्कारात हार जावयाच्या गळ्यापर्यंत पोचेना. जावई खाली वाकणार, तेवढ्यात अध्यक्ष खुर्चीवर चढले. मान द्यायचा तर उंचीवरूनच द्यायचा, हा त्यांचा नियम असावा.

मग माइकवरून घोषणा झाली: पाहुणे आता चेंडू रिंगमध्ये वरून आपटून दाखवतील.

जावई चेंडू घेऊन खांबाखाली गेला आणि थांबला. वर बघितलं. मग पायाखाली बघितलं. मागच्या वर्षी मैदानावर मुरूम टाकून भराव केला होता; जमीन वर आली, खांब होता तिथंच राहिला. त्यानं उभ्या उभ्या हात वर केला तर बोटं रिंगेच्या वर गेली. त्यानं माझ्याकडं बघितलं, लेकीकडं बघितलं. माइकवर "टाळ्या!" असं ओरडणं सुरू होतं. शेवटी त्यानं, फळीवरचा डबा ठेवावा तसा, चेंडू आत ठेवला.

मग मागून कुणी तरी म्हणालं, "हात्तिच्या! यात काय हाय? उंच हाय म्हणून जमलं."

अठरा वर्षांची कारकीर्द अशी एका वाक्यात निकालात निघाली. तो हसला, सगळ्यांना हात जोडले आणि चहा प्यायला बसला. आमचे हे मात्र रागानं लालबुंद. घरी येताना दोनदा चुकीच्या गल्लीत वळले.

दुसऱ्या दिवशी आम्ही येलदरीला गेलो. धरणात पाणी खाली गेलं होतं. लेक आणि हे पुढं पाण्याकडं गेले. आम्ही दोघं झाडाखाली तळलेले मासे खात बसलो. आमचं बोलणं माझ्या शाळेतल्या इंग्रजीत आणि त्याच्या तुटक इंग्रजीत चालायचं, त्यामुळं उगीच लांबवणं दोघांनाही परवडत नसे.

मी म्हणाले, "कालचं मनावर घेऊ नकोस. आमच्या लोकांना खेळातलं कळत नाही."

"आई, माझे वडीलही हेच म्हणतात. उंच आहे म्हणून जमलं." त्यानं माशाचा काटा नीट बाजूला ठेवला. "काल सकाळी क्लबचा मेसेज आला. पुढच्या हंगामाला नको म्हणाले."

"काल सकाळी? म्हणजे सत्काराच्या आधी?"

"हो."

मला ते अध्यक्षांचं भाषण आठवलं. जिद्द, चिकाटी, उज्ज्वल भवितव्य. हे सगळं तो मान डोलावत ऐकत होता, गळ्यात झेंडू घालून.

"तिला सांगितलंस?"

"तिला माझा गुडघा माहीत आहे. ती वर्षभर या मेसेजची वाट बघत होती. मीच नव्हतो बघत." त्यानं बोटं पुसली. मग म्हणाला, "मला वाटलं होतं, खूप रडू येईल. आलं नाही. पण काल चेंडू आत ठेवला ना, तेव्हा आलं होतं. रिंग चुकीची होती, आई. दहा फुटांवर पाहिजे. लहानपणी वडलांनी गोठ्याच्या भिंतीला मारून दिली होती, तीसुद्धा दहा फुटांवर होती."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बसलेला होता म्हणून पोचला.

परत आल्यावर मी ते सगळं यांना सांगितलं. यांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच दुकानाशेजारच्या वेल्डरला उठवलं. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती, शिपायानं फाटक उघडलं. लाइट दुपारपर्यंत आली नाही. तोवर सगळे कडुनिंबाखाली बसून सरकारला नावं ठेवत होते. लाइट आल्यावर खांबाला पाइपाचा तुकडा जोडला. ठिणग्या उडत होत्या आणि वेल्डरच्या डोक्यावरून दोन्ही हातांनी फळी धरून जावई उभा होता. हे खालून टेप लावून "अजून थोडं, अजून थोडं" असं म्हणत होते, जणू स्वतःच्या घराची चौकट बसवायलेत.

फळी घट्ट बसली. ऊन उतरल्यावर त्यानं चेंडू मागितला. या वेळी माइक नव्हता. तो लांब उभा राहिला, गुडघे जरा वाकवले आणि चेंडू सोडला. आत गेला. मग पुन्हा. मग एक चुकला, तेव्हा स्वतःच्या भाषेत त्यानं जी शिवी हासडली तिचं भाषांतर लेकीनं केलं नाही. अंधार पडेपर्यंत तो टाकत राहिला आणि हे पळत जाऊन चेंडू आणून देत राहिले. साठीच्या घरातला, दुकानात पाण्याचा ग्लाससुद्धा बसल्या जागी मागणारा माणूस.

ते गेल्यावर जूनमध्ये शाळा उघडली आणि मुख्याध्यापकांचा मला फोन आला. "बाई, जावईबापूंनी रिंग लय वर नेऊन ठेवली. आधी सगळ्यांचा चेंडू जायचा, आता कुणाचाच जाईना. लेकरांचा उत्साह मरायलाय." मी म्हणाले, खाली घ्या मग. त्यासाठी वर अर्ज करावा लागतो म्हणे. वर न्यायला लागला नव्हता. त्यामुळं रिंग अजून दहा फुटांवरच आहे, आणि नववीतल्या दोघीतिघींचा चेंडू अधूनमधून आत जातो असं ऐकते. सतरंज्या आता कुंपणावर वाळतात.

जावई तिकडं नगरपालिकेच्या क्रीडागृहात व्यवस्थापक झाला. दिवे लावणं, किल्ल्या देणं, फरशी पुसून घेणं. नोकरी कायमची आहे. आमच्या नातेवाइकांना ही बातमी इतकी आवडली की पेडगावहून पेढे आले. तो खेळत होता तेव्हा साधी साखरही आली नव्हती. लेक म्हणते, गुडघा बरा आहे, झोप लागते.

मध्ये एका रविवारी यांनी सवयीनं फोनवर सामना लावला. तोच क्लब, तोच प्रशिक्षक. बाकावर टॉवेल घेऊन दुसराच कुणी उंच पोरगा बसला होता. हे पाच मिनिटं बघत राहिले. "बरा हाय पोरगा," म्हणाले, फोन बंद केला आणि पायात चपला सरकवून दुकानात गेले. रविवारी दुकान बंद असतं.