सिद्धोधनच्या विहिरीतला समुद्र

आमच्या सोनपेठ तालुक्यात विहीर खोदायची तर सिद्धोधनला बोलवायचं, हे ठरलेलं. ट्रॅक्टरवर कॉम्प्रेसर, खांद्यावर दगड फोडायची मशीन, अंगभर दगडाची भुकटी. शाळा आठवीत सुटली, वाचन सुटलं नाही. विहारात दर रविवारी वंदना तोच घ्यायचा आणि नंतर फळ्यावर खडूनं काहीतरी समजावून सांगायचा, ग्रहण का लागतं, वीज का पडते. माइकवर गर्जणारे मी चळवळीत ढिगानं पाहिलेत. सिद्धोधन गर्जत नसे. म्हणायचा, "कुणी सांगितलं म्हून मानू नका. पुस्तकात हाय म्हून बी मानू नका. सोता बघा."

गेल्या उन्हाळ्यात गोदावरीच्या अंगाला एका शेतात खोदताना काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये त्याला राखाडी गाळाचा पट्टा लागला. मऊ, नखानं निघणारा. त्यात शिंपले. सिद्धोधन तसाच माझ्याकडे आला, चहा समोर निवत गेला तरी त्याचं लक्ष नाही.

"भाऊ, शाळेच्या पुस्तकात काय लिवलंय? काळा दगड म्हंजी ज्वालामुखीचा लाव्हा. मग लाव्ह्यात शिंपलं जगतंय का? हितं समुद्र व्हता! तळाला गाळ बसत गेला, त्याचाच ह्यो दगड झाला!"

मला पटलं. का पटू नये? वस्तू समोर होती, आणि पुस्तकं खोटं बोलतात याचा अनुभव आमच्याइतका कुणाला आहे?

त्याची मुलगी निकिता सातवीत. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तिनं हाच विषय घेतला. सर म्हणाले, पुस्तकाच्या विरोधात जाऊ नको. ही म्हणाली, "माझ्या पप्पांनी काढलाय दगड, सर." हे ऐकल्यापासून सिद्धोधनचे पाय जमिनीवर नव्हते.

प्रदर्शनाच्या दिवशी मी आणि सिद्धोधन दोघंही गेलो. टेबलावर काळा दगड, त्यात पाच-सहा शिंपले, स्वच्छ धुतलेले. पोरगी फाडफाड बोलली. तपासायला राजनंदिनी मॅडम होत्या, कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या. दगडाकडे बघतच राहिल्या.

"बाळा, शिंपले काळ्या दगडात होते की मधल्या गाळात?"

"दोन्हीत. हे काय, बघा की."

"काळ्या दगडात मी अजून शिंपला पाहिला नाही गं."

तिथं माझं डोकं फिरलं. "तुम्ही पाहिला नाही म्हणजे नसतोच का? आमच्या पोरीला सापडला म्हणून पोटात दुखायलंय? आधी आडनाव वाचलं वाटतं!"

आडनाव वाचून मार्क देणारे मी पाहिलेत, माझा आवाज उगाच चढत नाही. पण बाई दगडाकडे वळल्या. निकिताला म्हणाल्या, "हात लावू?"

"लावा की," निकिता ऐटीत म्हणाली.

मॅडमनी नखानं जरासं टोचलं. शिंपला टपकन त्यांच्या तळहातावर पडला. खाली पिवळट डिंकाचा ठिपका. दुसराही निघाला. शेजारच्या टेबलावरचं कुणीतरी ओरडलं, "आरं, डिंकाचा समुद्र!" आणि सगळा हॉल हसला.

निकितानं बापाकडे पाहिलं. मीही पाहिलं. मलाही हे नवीन होतं.

"गाळ वाळून भुगा व्हायला लागला," सिद्धोधन खाली बघत पुटपुटला. "म्हणलं दगडावर बसवले की लोकाला दिसतील."

"मला का न्हाई सांगितलं?" निकिता म्हणाली.

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या समजावत बसल्या. "दोन-अडीचशे वर्षांपूर्वी युरोपातही हेच भांडण होतं. एक पक्ष म्हणे, सगळे खडक समुद्राच्या पाण्यातून खाली बसले. दुसरा म्हणे, काळा दगड पृथ्वीच्या पोटातल्या आगीतून आला. पाणीवाल्यांनीही असेच शिंपले पुराव्याला आणले. नंतर कळलं, ते काळ्या दगडात नव्हतेच, आगीनं भाजून कडक झालेल्या गाळात होते. आपल्याकडेही लाव्हा एकदाच आला नाही. एक थर थंड झाला, त्यावर तळं साचलं, त्यात शिंपले वाढले, मग वरून पुन्हा लाव्हा आला. तुमचा शोध चांगलाच आहे हो. मोठमोठे विद्वान जिथं चुकले तिथंच तुम्ही चुकलात."

सिद्धोधननं तेव्हा मान वर केली. "मॅडम, त्यांनी डिंक लावला नसंल."

मी माफी मागायला तोंड उघडलं. पण आरोप करताना हॉलभर घुमलेला आवाज आता मॅडमपर्यंतही पोचेना.

एसटीत निकिता बापाजवळ बसली नाही. घरी सुकेशनी, म्हणजे सिद्धोधनची बायको, आमच्यापुढं ताटं आदळून म्हणाली, "पोरगी उपाशी झोपली. समुद्रवाले, तुमी घ्या जेवून."

रविवारी सिद्धोधन उठेना. "सांगा, आजारी हाय म्हून."

"आता अजून एक खोटं?" निकिता दारातून म्हणाली. चार दिवसांत ती त्याच्याशी बोललेलं हे पहिलंच वाक्य. तो उठला.

विहारात तो एकेक शील म्हणायचा, वस्ती मागून म्हणायची. तीन झाली. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथं तो अडला. लोक थांबले.

"विसरलास का रे?" पुढं बसलेल्या कस्तुराबाई म्हणाल्या.

"विसरलो न्हाई, मावशी. मला म्हणायला तोंड न्हाई." मग त्यानं सगळं सांगितलं. डिंक, हॉल, हसणं, पोरीचा चेहरा.

"जाऊ दे," कस्तुराबाई म्हणाल्या. "पोरीचा नंबर यावा म्हून केलंस."

"न्हाई मावशी. मला खरं ठरायचं व्हतं."

माझं नाव त्यानं घेतलं नाही. मीही उठलो नाही. सतरंजीची दशी ओढत बसलो.

दुसऱ्या दिवशी निकिता विहिरीवर गेली. खोदकामाच्या ढिगात बसून गाळाचे तुकडे वेगळे करायला लागली, जसे आहेत तसे, ओल्या फडक्यात. मागून सिद्धोधन आला, मदतीला वाकला.

"पप्पा, हात नका लावू."

त्यानं हात मागं घेतले आणि बांधावर जाऊन उभा राहिला. थोडे तुकडे बांधून झाल्यावर तिनं मान वर न करता विचारलं, "वरचा काळा थर कुठून सुरू व्हतो?"

"तिथून," तो म्हणाला आणि जागेवरूनच बोट दाखवलं.

निकिता उठली, विहिरीच्या काठाशी गेली आणि तो थर तिथूनच सुरू होतो का, ते स्वतः बघून आली.