जयसिंगरावांचा शेवट जमेना

आमचे सुभानराव मोहिते आयुष्यभर कारखान्याच्या गेटवर लोकांच्या पिशव्या तपासत आले. निवृत्त होऊन वासण्याला राहायला आले, पण गेट काही सुटलं नाही. दूधवाला पाणी घालतो, वरच्या मजल्यावरचे पटेल टाकीचं पाणी पळवतात, असं त्यांना कायम वाटतं. आणि हाच माणूस दरवर्षी मंडळाच्या गणपतीत नाटक लिहितो! ते मी बसवतो, म्हणजे डोक्याला ताप माझ्याच.

यंदाच्या नाटकात जयसिंगराव नावाचा संशयी बाप होता. मुलगी ऑफिसातून आली की तो दारातच विचारायचा, "एवढा वेळ कुठे होतीस?" आणि तिची पर्स उचकायचा. "हा आपला शेजारचा वसंत हो, हुबेहूब," सुभानराव मला डोळा मारून सांगत. तालमीत ते वाक्य आलं की सगळ्यांत मोठ्याने तेच हसत. मी आपला पुढचा प्रवेश लावायचो.

पण शेवट जमेना. मुलगी जाते तरी कुठे? प्रियकर लिहून पाहिला, खोटा वाटला. सुभानरावांची मुलगी दीप्ती अलकापुरीत नोकरीला, तीही रोज उशिरा यायची. एके संध्याकाळी ते रिक्षा करून तिच्या ऑफिससमोर जाऊन उभे राहिले. नाटकासाठी, असं मला म्हणाले. माझा विश्वास बसला नाही.

दीप्ती बाहेर पडली, कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेतला आणि बाकावर बसली. एकटीच. कोणाचा फोन नाही, कोणाची वाट बघणं नाही. चहा संपला तरी बसूनच. टपरीवाला ओळखीचं हसला आणि आणखी एक चहा देऊ का, असं गुजरातीत विचारलं, "बेन, बीजी चा आपुं?"

सुभानरावांना राहवेना. पुढे होऊन म्हणाले, "एवढा वेळ..." आणि अडकलेच. वाक्य जयसिंगरावांचं होतं.

दीप्ती दचकलीसुद्धा नाही. "रोज इथेच असते, बाबा. घरी आलं की झडती. त्याआधी जरा बसते."

मला हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले. "वसंत नव्हता हो तो," म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी नाटकाचा शेवट मागायला त्यांच्याकडे बसलो होतो, तेव्हा दीप्ती आली. सुभानराव उठले. प्रश्न ओठांपर्यंत आलेला मी पाहिला, पण त्यांनी तो गिळला.

"दमलीस? चहा ठेवू?"

चपला काढता काढता दीप्ती थांबली. बापाकडे रोखून बघत राहिली.

"बाबा, आज माझं कपाट उघडलंत का?"

"नाही गं, बाळ. शपथ."

ती आत गेली आणि तिने कपाटाचं कुलूप ओढून पाहिलं.